आधी संहिता दाखवा

साल १९४८. पहिली पाळी सुटून बराच वेळ झालाय, पण तुमच्या केसांत अजून कापसाचं तूस आहे आणि कानांत साच्यांचा खडखडाट. लालबागच्या नाक्यावर तुम्ही उभे आहात. खानावळीत जेवण झालंय. खोलीवर इतकी माणसं की पाय पसरायला जागा नाही. खिशातले चार आणे तमाशासाठी राखून ठेवलेत. ढोलकी ऐकायची, सोंगाड्याच्या बोलण्यावर पोट धरून हसायचं, एवढीच इच्छा.

आणि तमाशा बंद आहे. मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या सरकारनं बंदी घातलीय. तमाशा अश्लील ठरलाय. दिवसभर कापड विणणाऱ्या माणसाला स्वतःच्या पैशानं काय बघायचं हे कळत नाही, असं सरकारनं गृहीत धरलंय. तुम्हाला कुणी विचारलेलं नाही.

शेजारचा साचेवाला कोपरानं ढोसतो. “बंदी तमाशाला हाय. लोकनाट्याला न्हाई. चल गड्या!”

चाळीच्या चौकात माणसं दाटीनं बसलीत. गॅलऱ्यांतून बाया वाकून बघतायत. १९४४ मध्ये उभं राहिलेलं लाल बावटा कलापथक आलंय: अण्णाभाऊ साठे, गव्हाणकर आणि अमर शेख. शेखांचा पहाडी आवाज थेट वरच्या मजल्यापर्यंत पोचतो. गण सुरू होतो, पण त्यात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आहे. गवळण गाळलीय. वग मात्र तुमचाच: मालक, सावकार, भाडं, संप. कोपऱ्यावर हवालदार दिसतो तेव्हा तुम्हाला उमगतं की सरकारला नुसत्या शृंगाराचा धाक नाही.

आता सहा वर्षं पुढं या. १९५४. बंदी उठलीय, पण रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आलंय. आधी संहिता दाखवा, मग प्रयोग करा. तुम्ही लालबागच्याच हनुमान थिएटरात बसलात. बतावणी रंगात आलीय. सोंगाड्या तुमच्या टोपीकडं बघतो, तिच्यावरून मुकादमावर घसरतो, मुकादमावरून मंत्र्यावर. थिएटर हसून कोसळतं. हे कुठल्या कागदावर होतं? कुठंच नाही. ते आत्ता, तुमच्याकडं बघून सुचलं. लिहून मंजूर करून घेतलेली हजरजबाबी ही हजरजबाबीच नव्हे. त्या अटीनं तमाशाच्या जिवावरच हात टाकला, असं मला ठामपणे वाटतं. छापील नाटकवाल्याला एखादं वाक्य गमवावं लागतं. सोंगाड्याला तोंडच मिटावं लागतं.

नाटकवाल्यांचीही सुटका झाली नाही म्हणा. १९७२ च्या ‘सखाराम बाइंडर’ नाटकासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंगांना हायकोर्टात लढावं लागलं. ते जिंकले, अट तशीच राहिली. २०१६ मध्ये अमोल पालेकर त्याच अटीविरुद्ध मुंबई हायकोर्टात गेले. संहिता आधी कुणाला का दाखवायची, हा त्यांचा प्रश्न. चार आणे मुठीत धरून नाक्यावर उभ्या असलेल्या तुम्हालाही तसाच पडला होता: मी काय बघायचं, हे सरकारनं का ठरवायचं?