बापूरावांची लावणी आणि चाळीस सेकंद

परवा शनिवारी कराडहून मावसभावाचा फोन. आवाज रडवेला. हा पोरगा सीझनला डॉल्बीवर डीजे वाजवतो. त्याचा ५२ मिनिटांचा 'हलगी मिक्स' एका म्युझिक साइटने कॉपीराइटच्या दाव्यावरून उडवला होता. सातारा-सांगलीतली मंडळं तो मिक्स ऐकूनच त्याला सुपारी देतात, आणि गणपती पुढच्या महिन्यात!

"दादा, त्यात पठ्ठे बापूरावांची लावणी हाय. गावातल्या बाईंकडनं गाऊन घेतलीया. बापूराव तर आपलंच, त्यांचा मालक कोण बसलाय मुंबईत?"

प्रश्न बिनतोड. वीकांत त्यातच गेला.

पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, गाव रेठरे हरणाक्ष. आज सांगली जिल्ह्यात, त्यांच्या काळी सातारा जिल्ह्यात. (दक्षिण साताऱ्याचं 'सांगली' झालं ते १९६० मध्ये.) ब्राह्मण घरातला हा माणूस तमाशात शिरला, पवळाबरोबर फड गाजवला आणि २२ डिसेंबर १९४५ ला हलाखीत गेला. कवीच्या मृत्यूनंतर कॉपीराइट ५० वर्षं चाले, १९९२ मध्ये त्याची ६० झाली. म्हणजे १ जानेवारी २००६ पासून बापूरावांचे शब्द सगळ्यांचे. पोरगं बरोबर होतं की!

पण रेकॉर्डिंगचं घड्याळ वेगळं. ते प्रकाशित झालं ते वर्ष सरल्यापासून ६० वर्षं. १९६४ ची तबकडी १ जानेवारी २०२५ ला मोकळी झाली, पुढच्या रांगेत. दावा नीट वाचला तर बापूरावांचा संबंधच नव्हता. सापडली होती सत्तरच्या दशकातली एक फिल्मी लावणी. हलगीखाली जेमतेम चाळीस सेकंद. तेवढ्यासाठी ५२ मिनिटं गुल!

मशीन हे पकडतं कसं? आवाजाच्या आलेखातली ठळक शिखरं आणि त्यांच्यातली अंतरं साठवायची, मग जुळवायची. शझामच्या ॲव्हरी वँगने २००३ मध्ये ही रीत मांडली. वर हलगी कडाडली तरी काही शिखरं उरतातच. इंजिनिअर म्हणून मी जाम खूश झालो. भावाला ते सांगायची हिंमत झाली नाही.

आमच्या लहानपणी दुकानात गाण्यांची यादी दिली की कोरी कॅसेट भरून मिळायची. बेकायदाच, पण पकडणार कोण? कायदेशीर वाटही होती. नोटीस द्या, रॉयल्टी भरा आणि जुनं गाणं दुसऱ्याकडून गाऊन घ्या, मूळ कंपनीच्या परवानगीविना. गुलशनकुमारांची टी-सीरीज याच वाटेने फोफावली. २०१२ मध्ये ही वाट आवळली: पाच वर्षं थांबा, शिवाय वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी. कराडच्या पोराला कुठली परवडायची?

त्याच दुरुस्तीनुसार तक्रारदाराने २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही, तर साइट काढलेली गोष्ट परत चढवू शकते. पण मशीनने आपोआप उडवलेलं जातं साइटच्या स्वतःच्या अटींवर. तिथे २१ दिवस कोण मोजतो!

असो. म्हटलं, ती चाळीस सेकंदं काप. रविवारी रात्री नवा मिक्स आला. त्या जागी तासगावच्या एका हलगीवाल्याचा ताजा तुकडा, अंगावर काटा आणणारा. विचारलं, "याचं नाव कुठाय? वादकालाही कायद्याने हक्क आहे."

तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "पाचशे रुपये दिल्यात की त्याला."