दात दाखवा, नाव सांगतो

काष्टीच्या बाजारात बैल घ्यायला आलेला माणूस शिंगे पाहतो, खांदा पाहतो, शेपूटही ओढून पाहतो. पण विश्वास ठेवतो तो दातांवर. विकणारा "आदत हाय, पाव्हणं!" म्हणतो, घेणारा जबडा उचकटून "चांगला सहादाती हाय की!" म्हणतो, आणि भाव तिथेच ढासळतो. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, हे मला त्या बाजारात कळले. तोवर मला वाटले, मालकाने काढून ठेवले असावेत.

शास्त्रज्ञांचा धंदाही हाच. फरक इतकाच, की त्यांच्यापुढे बैल नसतो. नुसता दात असतो. 'भारतथेरियम' या प्राण्याला नाव मिळाले तेव्हा पुरावा उणापुरा 8 दातांचा : 7 दाढा आणि 1 पुढचा दात. सापडले कुठे? बेळगाव जिल्ह्यातले गोकाक, तेलंगणातले नास्कल आणि मध्य प्रदेशातले किसलपुरी. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा ओतला जात होता. दोन थरांमधल्या उसंतीत तळी साचली, आणि त्यांच्या गाळात हे दात राहिले. काष्टीखालचा काळा पाषाणही त्याच लाव्ह्याचा.

दाढ 6 ते 8.5 मिलिमीटर उंच, म्हणजे बासमतीच्या दाण्याएवढी. पण त्या मानाने चांगली उंच! चरबट पाला खाऊन दात झिजतात, म्हणून निसर्गाने जादा माल भरून दिलेला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या शेणात गवताचे अंश सापडल्याचे 2005 साली जाहीर झाले. तेव्हा आमचा हा प्राणी गवतही खात असावा, असा तर्क निघाला. मोठ्यांच्या शेणाचाही इतिहास होतो. लहानांना स्वतःचे दात पुढे करावे लागतात.

नामकरणातही भाऊबंदकी झाली. 2007 साली दोन गटांनी स्वतंत्रपणे बारसे केले. एकाने 'भारतथेरियम' ठेवले, दुसऱ्याने 'दक्षिणा'. आधी छापून आलेले नाव खरे, हा नियम. त्यामुळे 'भारतथेरियम' टिकले आणि 'दक्षिणा' नुसतीच बुडाली. भाऊबंद मात्र मादागास्कर आणि अर्जेंटिनात निघाले. एकेकाळी या भूमी जोडलेल्या होत्या, त्या वेळची ही सोयरीक.

हे सगळे मी बाजारातल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला ऐकवले. त्याने शांतपणे विचारले, "मग आता हाईत का कुठं?"

"नाहीत. वंशच बुडाला."

"दात एवढे चांगले असून?" त्याने हातातल्या बैलाचा जबडा मिटला. "मग नुसत्या दातावर सौदा करू ने, सायेब."