कमी दाब: उपसागरापासून आपल्या शिवारापर्यंत



2021 चा सप्टेंबर आठवतो का? सोयाबीन काढणीला आलं होतं. बातम्यांत सांगत होते, 'बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आहे.' आपण ऐकलं आणि कामाला लागलो. समुद्र कुठे आणि आपला जालना जिल्हा कुठे!

26 सप्टेंबरच्या संध्याकाळी 'गुलाब' नावाचं चक्रीवादळ आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला धडकलं. जमिनीवर आल्यावर त्याचा वारा ओसरला, पण कमी दाब टिकून राहिला. तेलंगणावरून तो थेट मराठवाड्यात आला. पुढच्या दोन दिवसांत नद्यानाल्यांना पूर आले, उभं सोयाबीन पाण्यात राहिलं, शेंगांतच दाण्यांना कोंब फुटले. आपल्या डोक्यावरून गेलेला तोच कमी दाब अरबी समुद्रात उतरला, पुन्हा वादळ झाला, 'शाहीन' हे नवं नाव घेऊन 3 ऑक्टोबरला ओमानवर आदळला. म्हणून आज आम्ही ठरवलं, या 'कमी दाबा'चीच गोष्ट सांगायची.

हवेला वजन असतं. 1643 मध्ये इटलीतल्या तोरिचेल्लीने पाऱ्याची नळी वापरून ते दाखवलं. हवेचा भार त्या नळीतला पारा सुमारे 76 सेंटीमीटर उंचीवर तोलून धरतो. हाच पहिला वायुदाबमापक. पुढे लोकांच्या लक्षात आलं, की वादळ येण्याआधी पारा खाली उतरतो. म्हणजे डोक्यावरच्या हवेचा भार हलका झालेला असतो.

असं का होतं, हे चुलीपुढे बसणारीला सांगायला नको. चूल पेटली की गरम हवा वर जाते आणि खालच्या तोंडातून गार हवा आत ओढली जाते. उबदार समुद्रावर हेच फार मोठ्या प्रमाणावर घडतं. ओलसर हवा वर चढते, तिच्यातल्या वाफेचे ढग होतात, त्यातून आणखी उष्णता सुटते आणि हवा आणखी वेगाने वर जाते. खाली दाब कमी होतो. तो भरून काढायला चहूबाजूंनी वारे धावतात. पण पृथ्वी फिरत असल्यामुळे ते सरळ मध्याशी पोहोचत नाहीत. आपल्या उत्तर गोलार्धात ते उजवीकडे वळतात आणि मध्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरू लागतात. शाळेच्या भूगोलात यालाच 'आवर्त' म्हणतात. अमेरिकेकडे हरिकेन, चीन-जपानकडे टायफून, आपल्याकडे चक्रीवादळ. नावं वेगळी, घडण एकच.

वादळ फिरतं, हे कळायला मात्र वेळ लागला. 1821 मध्ये अमेरिकेत मोठं वादळ झालं. त्यानंतर विल्यम रेडफिल्ड नावाचा, खोगीर बनवण्याचं काम शिकलेला माणूस त्या भागातून फिरत होता. एका ठिकाणची झाडं एका दिशेला पडलेली, तर काही कोसांवरची बरोबर उलट दिशेला! वारा गोल फिरत असल्याशिवाय असं होणार नाही, हे त्याने ओळखलं आणि 1831 मध्ये छापून मांडलं. इकडे कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन जहाजांच्या नोंदवह्या गोळा करत होता. 1848 मध्ये त्याने या वादळांना 'सायक्लोन' हा शब्द दिला. मूळ ग्रीक शब्दात सापाच्या वेटोळ्याचा अर्थ आहे.

नाव मिळालं, तरी इशारा देणारं कोणी नव्हतं. 5 ऑक्टोबर 1864 रोजी कलकत्त्याला चक्रीवादळात हजारो माणसं गेली. पाठोपाठ 1866 आणि 1871 मध्ये पावसाने दगा दिला. वादळ आणि दुष्काळ या दोन्ही धक्क्यांनंतर 1875 मध्ये भारतीय हवामान खातं सुरू झालं. 1928 मध्ये त्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. पुण्यातल्या 'शिमला ऑफिस'चं नाव त्यावरूनच पडलं.

याच पुण्यात 1948 मध्ये अण्णा मणी नावाची केरळची एक तरुण शास्त्रज्ञ रुजू झाली. तेव्हा हवामानाची बरीचशी साधनं परदेशातून यायची. अण्णा मणींनी सुमारे 100 साधनांचे आराखडे पक्के केले आणि ती देशातच बनवण्याचा पाया घातला. मापच चुकलं तर अंदाजही चुकणार, हे त्या जाणून होत्या. बायकांना यंत्रातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांना आपण हे नाव जरूर सांगावं.

आता आकडे समजून घेऊ. समुद्रसपाटीवर हवेचा दाब साधारण 1013 हेक्टोपास्कल असतो. 1999 च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात मध्यभागी तो 912 पर्यंत उतरल्याचा अंदाज आहे. बाहेरचा आणि मधला दाब यांतला फरक जितका मोठा आणि जितक्या कमी अंतरात, तितका वारा जोराचा. वारे ताशी 62 किलोमीटरपर्यंत पोहोचले की चक्रीवादळ म्हणतात. सुरुवातीची पायरी म्हणजे नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. त्यात वारा कमी असला, तरी पाऊस भरपूर असू शकतो. आपल्यापर्यंत पोहोचतो तो बहुतेक हाच.

आणि तो आपला वैरी नाही. सह्याद्रीच्या आडोशामुळे अरबी समुद्राकडचा पाऊस आपल्यापर्यंत येईतो थकतो. सरत्या पावसाळ्यात विहिरींना पाणी आणि रब्बीला ओल देण्यात बंगालच्या उपसागरातल्या या कमी दाबांचा मोठा वाटा असतो. 2012 च्या दुष्काळात पाण्याअभावी आपल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा आपण याच पावसाची वाट पाहत होतो. तोच पाऊस काढणीच्या आठवड्यात आला की तोंडचा घास जातो.

म्हणून मैत्रिणींनो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 'उपसागरात कमी दाब' असे शब्द कानावर पडले, तर 'समुद्र लांब आहे' म्हणून सोडून देऊ नका. तो कोणत्या दिशेने सरकतोय, तेवढं ऐका. 'गुलाब' किनाऱ्यावरून मराठवाड्यात यायला दोन दिवसही लागले नव्हते. तेवढ्या वेळात काढलेल्या सोयाबीनची गंजी उंचवट्यावर लागू शकते, तिच्यावर ताडपत्री पडू शकते, नाल्याकाठची जनावरं हलवता येतात. ताडपत्री कुठे ठेवली आहे, ते मात्र आजच बघून ठेवा.