आधी तयारी, मग नोकरी?

मानसिक आजारातून सावरणाऱ्या किंवा अपंगत्व असलेल्या तरुणाच्या नोकरीचा विषय निघाला की घरचे, डॉक्टर आणि मालक यांचे उत्तर बहुधा एकच असते : आधी पुरता बरा होऊ दे, काही शिकू दे, स्वतःचे स्वतः करू लागू दे, मग पाहू. या मतामागे काळजी आहे, हे मान्य. त्याला आधार म्हणून तीन मुद्दे मांडले जातात. कामाच्या ताणाने आजार उलटेल. ज्याला रोज दुसऱ्याचा हात लागतो तो स्वावलंबी कसला. आणि कामाची जागा एकेकाच्या सोयीने चालवता येत नाही. तिन्ही मुद्दे पुराव्यापुढे टिकत नाहीत.

ताणाचा मुद्दा थेट तपासला गेला आहे. लंडन, झुरिच, सोफियासह युरोपातल्या सहा ठिकाणी तीव्र मानसिक आजार असलेल्या, बराच काळ बेकार असलेल्या 312 जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला रूढ पद्धतीने आधी प्रशिक्षण दिले. दुसऱ्याला लगेच खुल्या बाजारातली नोकरी शोधायला मदत केली आणि रुजू झाल्यावरही सल्लागाराची साथ चालू ठेवली. 2007 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. दीड वर्षात दुसऱ्या गटातल्या 55 टक्के लोकांना काम मिळाले, पहिल्या गटातल्या 28 टक्क्यांना. एक दिवसाचे कामही या मोजणीत धरले होते, त्यामुळे सगळ्या नोकऱ्या टिकल्या असा दावा करता येणार नाही. पण पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण पहिल्या गटात 31 टक्के होते, दुसऱ्यात 20. लगेच कामाला लावल्याने आजार उलटतो, ही भीती इथे खरी ठरली नाही.

आता स्वावलंबन. कॅलिफोर्नियातले एड रॉबर्ट्स यांना चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखाली जवळजवळ हालचाल नव्हती आणि झोपताना श्वासासाठी यंत्र लागे. शिक्षणासाठी मदत मागितली तेव्हा राज्याच्या पुनर्वसन विभागाने आधी नकार दिला. इतक्या अपंग माणसाला नोकरी करणे जमणारच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रॉबर्ट्स बर्कले विद्यापीठात शिकले, 1972 मध्ये सहकाऱ्यांसह स्वतंत्र जीवनाचे केंद्र उभे केले, आणि सत्तरच्याच दशकात त्याच विभागाचे संचालक झाले. मदतनीस त्यांना शेवटपर्यंत लागले. मात्र कोणाला ठेवायचे, कधी उठायचे, कुठे जायचे हे ते स्वतः ठरवत. स्वावलंबनाची खरी कसोटी हीच आहे. शर्टाचे बटण कोण लावतो यावर ते मोजू नये.

तिसरा मुद्दा कायद्यानेच निकालात काढला आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारासह 21 प्रकारांचा समावेश आहे, आणि वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव मानला आहे. मालकावर अवाजवी बोजा पडणार नाही, याचीही तजवीज त्यात आहे. बहुतेकदा सोय लहानच असते : पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, औषधाने सकाळी जड वाटत असेल तर थोडी उशिराची वेळ, तोंडी सूचनेऐवजी लेखी. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील 2016 मध्ये केंद्रीय लोकसेवा परीक्षा उत्तीर्ण झाल्या, तेव्हा दृष्टी नसल्याच्या कारणावरून त्यांना रेल्वे लेखासेवा नाकारण्यात आली. पुढच्याच वर्षी त्या 124 व्या आल्या, भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या आणि तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. हिशेबाच्या वह्यांना ज्या अपात्र ठरल्या, त्यांनी प्रशासन सांभाळले.

महाराष्ट्राला यात नवे काही नाही. 1949 मध्ये बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. त्यानंतर समितीच्या आनंदवन या वसाहतीत कुष्ठरुग्णांनी शेती केली, विहिरी खोदल्या, माग चालवले. ‘आधी बरे व्हा’ म्हणून त्यांना कोणी थांबवले नाही. फरक एवढाच की तेव्हा बाहेरच्या जगाने दारे लावली होती म्हणून वेगळी वसाहत उभारावी लागली. आज ती दारे कायद्याने उघडली आहेत.

प्रत्येकाला काम लगेच झेपेल, असे कोणी म्हणत नाही. निर्णय त्या व्यक्तीचा हवा, उपचार चालू हवेत, आणि नोकरी लागली म्हणून साथ काढून घेता कामा नये. एवढे पाळले, तर तयारी कामावरच होते. म्हणून घरच्यांना आणि मालकांना विनंती : ‘तू तयार आहेस का?’ असे विचारू नका. ‘तुला कोणते काम करायचे आहे आणि त्यासाठी काय लागेल?’ असे विचारा, आणि उत्तर येईल त्याप्रमाणे सोय करा.