ऑडिटरची खालची पायरी

१९१३ चा इंडियन कंपनीज ॲक्ट येईपर्यंत मुंबईतल्या कंपनीचे हिशेब कोणी तपासावेत, यासाठी कायद्याने पात्रता घालून दिलेली नव्हती. नव्या कायद्याने ऑडिटरला दाखला लागू केला आणि तो देण्याचं काम प्रांतिक सरकारांवर सोपवलं. दाखले दोन प्रकारचे. अनिर्बंध दाखल्यावर साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात काम करता येई. मर्यादित दाखला मात्र फक्त आपल्या प्रांतापुरता, तोही त्यावर नमूद केलेल्या भाषेपुरता. हा दुसरा दाखला हलका मानला गेला, पण त्यात शहाणपण होतं. मोडीतली कीर्द-खतावणी लंडनहून शिकून आलेल्या अकाउंटंटने कशी तपासायची? तरी १९२० मध्ये मर्यादित दाखले देणं बंद झालं.

वरची पायरी मुंबईने स्वतः बांधली. कॉमर्स शिकवणारं सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्ये निघालं होतं. १९१८ मध्ये गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी, म्हणजे जी.डी.ए., सुरू झाला. परीक्षा द्यायची, मान्यताप्राप्त अकाउंटंटच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करायची, की अनिर्बंध दाखल्याची वाट मोकळी. विलायतेचा खर्च न झेपणाऱ्या मुलांसाठी ही मोठी सोय होती. पुढे १९३२ मध्ये इंडियन अकाउंटन्सी बोर्ड आलं, 'रजिस्टर्ड अकाउंटंट' आले, आणि १ जुलै १९४९ पासून चार्टर्ड अकाउंटंटचा कायदा लागू झाला. नव्या संस्थेचे पहिले अध्यक्ष जी. पी. कापडिया मुंबईचेच. जी.डी.ए. इतिहासजमा झाला.

पण गावाकडचे हिशेब तपासायचे कोणी?

१९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांची सुरुवात झाली होती. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा साखर कारखाना उभा राहिला आणि सहकाराने वेग घेतला. विकास सोसायट्या, दूध संस्था, पतपेढ्या, शहरांतल्या गृहनिर्माण संस्था, प्रत्येकीचं दरवर्षी ऑडिट व्हायलाच हवं, आणि त्यावरून अ, ब, क, ड असा वर्ग ठरणार. तालुक्याच्या गावातल्या दूध संस्थेची वह्या-पावत्यांची गाठोडी सोडायला मोठ्या फर्मचा सी.ए. येणार नव्हता. त्याची फी त्या संस्थेला परवडलीही नसती.

ती जागा गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन को-ऑपरेशन अँड अकाउंटन्सी, म्हणजे जी.डी.सी. अँड ए., या सरकारी पदविकेने भरली. सहकार आयुक्तांच्या अखत्यारीतलं मंडळ ही परीक्षा घेतं. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला बसता येतं. हिशेबशास्त्र आणि ऑडिटबरोबर सहकाराचा इतिहास, तत्त्वं आणि कायदेही अभ्यासावे लागतात. कला शाखेच्या मुलाला डेबिट-क्रेडिट रडवतं, तर कॉमर्सच्या मुलाला कायद्याची कलमं. पास झालेले कोणी पतसंस्थेत अकाउंटंट होतात, कोणी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहितात, तर कोणी लेखापरीक्षकांच्या नामतालिकेवर जातात. हे तिसरं काम सर्वांत जबाबदारीचं: थकबाकी लपवली असेल, तर ती पकडून अहवालात लिहायची, आणि ज्यांच्याविरुद्ध लिहायचं ते चेअरमन समोरच चहा पाजत बसलेले.

सहकारी संस्थांविषयीच्या ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर, २०१३ मध्ये महाराष्ट्राने आपला सहकार कायदा बदलला आणि नामतालिकेतून ऑडिटर निवडायचा अधिकार सर्वसाधारण सभेला मिळाला. यात धोका आहे. ज्याचे हिशेब तपासायचे, त्यानेच तपासनीस निवडायचा. मात्र याच कायद्याने मर्यादित दाखल्यातली एक जुनी गोष्ट योग्य ठरवली: सहकारी संस्थेच्या ऑडिटरला मराठीचं कामापुरतं ज्ञान हवं, मग तो सी.ए. असला तरी.

जी.डी.सी. अँड ए.च्या क्लासची फी भरण्यापूर्वी उमेदवारांनी या सहकार कायद्याचं कलम ८१ एकदा वाचावं. नुसती परीक्षा पास होऊन सहीचा अधिकार मिळत नाही. प्रमाणित लेखापरीक्षक व्हायला पदवी आणि पदविकेबरोबर सहकारी संस्थांच्या ऑडिटचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तो मिळवायचा तर आधी एखाद्या जुन्या लेखापरीक्षकाकडे जाऊन काम मागा.