आजोबांची दुनळी आणि मातीची चकती

व्हाइटफील्डमध्ये राहणाऱ्या एका मराठी प्रेक्षकाने विचारलं आहे: बेळगावकडच्या आजोबांची बारा बोअरची दुनळी माझ्याकडे आली, परवानाही झाला. आता चकत्यांवर नेमबाजी करायची आहे. तर चोक मोकळा करून, दस्ता बदलून घेऊ का? प्रश्न गनस्मिथचा वाटतो, पण उत्तर इतिहासात सापडतं. म्हणून आजचा भाग त्यावरच.

आधी व्हाइटफील्ड. आज तिथे आयटी पार्क आहे, पण १८८२मध्ये ते शेतीचं गाव म्हणून वसलं. डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने, म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी दिलेल्या सुमारे ३,९०० एकरांवर अँग्लो-इंडियन कुटुंबांची वस्ती झाली. त्याच्या चार वर्षं आधी, १८७८मध्ये, लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला होता. ब्रिटिश हिंदुस्थानात देशी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनाला सूट. १८८७च्या मद्रास काँग्रेसमध्ये या कायद्याविरुद्ध आवाज उठला, बिपिनचंद्र पाल त्यावर बोलले. त्या काळात ज्याच्या घरी परवान्याची दुनळी होती, त्याच्या घराण्याची पत त्या बंदुकीवरून मोजली जायची. आजोबांची बंदूक विकायला मन धजत नाही, त्यात याचाही वाटा आहे.

आता चकतीकडे. इंग्लंड-अमेरिकेत आधी पेटीतून जिवंत कबुतरं सोडून त्यांच्यावर नेम धरत. त्या पेटीला ट्रॅप म्हणत, खेळाचं नाव तिथूनच आलं. मग काचेचे गोळे आले, पण तुकड्यांनी मैदान भरायचं. १८८०मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने मातीच्या चकतीचं पेटंट घेतलं. (आजची चकती नावालाच मातीची. ती डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची असते, व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅम.) इंग्लंडमध्ये पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवरची नेमबाजी कायद्याने बंद व्हायला मात्र १९२१ उजाडलं. स्कीट हा दुसरा प्रकार अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला, १९२०च्या सुमाराचा. तो मुळात शिकाऱ्यांनी सरावासाठी काढलेला खेळ. म्हणजे चकतीची नेमबाजी शिकारीच्याच पोटची.

आपल्याकडे ही फारकत कायद्याने झाली. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीच्या बंदुकीचं काम संपलं. तोवर चकतीचा खेळ इथे रुजला होता. बिकानेरचे महाराज कर्णीसिंह यांनी १९६२मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य आणलं होतं. राज्यवर्धन राठोड यांचं डबल ट्रॅपमधलं ऑलिंपिक रौप्य त्यानंतर बेचाळीस वर्षांनी, २००४मध्ये.

मग बंदुकीत फरक काय? सगळ्यात मोठा चोकचा. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेला आवळ. १८७५च्या लंडनच्या चाचण्यांत बर्मिंगहॅमच्या ग्रीनरने त्याची ताकद दाखवून दिली. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात साध्या नळीचे साधारण ४० टक्के छर्रे बसतात, फुल चोकचे ७० टक्के. जुन्या दुनळीत बहुधा उजवी नळी मोकळी आणि डावी आवळ असते: पहिला बार जवळच्या पक्ष्यावर, दुसरा लांब गेलेल्यावर. आता पाहा, स्कीटची चकती वीसेक यार्डांवर फुटते, ट्रॅपची पस्तीस-चाळीसवर. दोन्हींना लागणाऱ्या नळ्या एकाच बंदुकीत आहेत. मग घासायचं काय? घासलेला चोक परत येत नाही.

दुसरी गोष्ट, नळीवरचे शिक्के. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३चं. जुन्या नळ्या काळ्या दारूसाठी तपासलेल्या असत, धूरविरहित दारूची तपासणी नंतर आली. तुमच्या बंदुकीवर नायट्रो प्रूफचा शिक्का नसेल तर आजचं काडतूस तिच्यात घालू नका. काडतूस बसतं ती जागाही जुन्या बंदुकांत बरेचदा ६५ मिलिमीटरची असते, आजची काडतुसं ७०ची. ती जागा कोरून लांबवली की भिंत पातळ होते आणि जुना शिक्का खोटा ठरतो. हे काम माझ्या मते मुळीच करू नये.

दस्त्याचं वेगळं. शिकारीची बंदूक हलकी, तीन किलोच्या आसपास, कारण रानात ती दिवसभर वाहायची आणि थोडेच बार काढायचे. चकतीच्या मैदानात दिवसाला शंभर बार होतात, म्हणून तिथली बंदूक जड. ट्रॅपची चकती वर चढत जाते, म्हणून गाल टेकायची कड उंच हवी. त्यासाठी अक्रोडाचं लाकूड कापू नका. चामड्याची गालपट्टी बांधा, मागे रबरी टोपण चढवा. हलक्या बंदुकीला २४ ग्रॅमचं काडतूस सोसतं, आणि ऑलिंपिकमध्येही मर्यादा तेवढीच आहे.

कायदाही बघा. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे नळी आखूड करायला वेगळा परवाना लागतो, आणि २०१९च्या दुरुस्तीने एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदल करण्यालाही तोच नियम लावला. दुरुस्ती परवानाधारकाकडेच. त्याच दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन बंदुकांवर आणली, वारशाची धरूनसुद्धा.

पण दोन म्हणजे दुसरीला जागा आहे! स्पर्धेत खरंच उतरायचं असेल तर वर-खाली नळ्यांची, चोक बदलता येणारी बंदूक घ्या आणि आजोबांची दुनळी रविवारी दोन फेऱ्या स्कीटला न्या. त्याआधी ती एखाद्या परवानाधारक जाणकाराकडून तपासून घ्या: नळीला पोचा आहे का, बिजागरी सैल झाली आहे का, चोक आधीच कुणी घासला आहे का. तो घासलेला निघाला तर नवल नाही. अशा बंदुकीत आजोबांच्या हयातीतच बदल झालेले असतात.