जिभेचा पहारा

दात घासावेत, दिवा मालवावा आणि रिमोटचं बटण दाबून जीभ चालू करावी, असा झोपण्याआधीचा क्रम आज जगात हजारो माणसं पाळतात. त्यांच्या छातीत उजव्या बाजूला, कॉलर बोनच्या खाली, काडेपेटीच्या आकाराची एक डबी बसवलेली असते. तिची एक वायर फासळ्यांमध्ये राहून श्वासाचा माग काढते, दुसरी मानेतून वर जाऊन जिभेला हलवणाऱ्या नसेभोवती गुंडाळलेली असते. श्वास आत घ्यायची वेळ आली की डबी हलकासा करंट सोडते, जीभ पुढे सरकते, वाट मोकळी होते. सकाळी पुन्हा बटण. माणूस झोपलेला आणि जीभ रात्रभर पहाऱ्यावर.

या डबीचं कूळ शोधायला निघालं की दोन घराणी भेटतात. एक हृदयाच्या पेसमेकरचं. दुसरं, सांगायला जरा संकोच वाटतो, व्हॅक्यूम क्लीनरचं.

पण आधी झोपेत घसा मिटून श्वास अडण्याच्या या आजाराकडे आजार म्हणून पाहायला हवं होतं, आणि तिथेच फार उशीर झाला. आपल्याकडे झोपेची प्रत आवाजावरून ठरते. लग्नघरात मांडवाच्या कडेला एखादे काका घोरायला लागले की ‘काय सुखाची झोप आहे’ म्हणून हेवा वाटतो. माझ्या ओळखीतल्या पुष्कळांनी ‘स्लीप ॲप्निया’ हे त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते फेब्रुवारी २०२२ मध्ये, जुहूच्या रुग्णालयात संगीतकार बप्पी लाहिरी गेल्याची बातमी आली तेव्हा. तिकडे युरोपातही वेगळं नव्हतं. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये (१८३६-३७) जो नावाचा जाडगेला पोरगा आहे, दार ठोठावता ठोठावता उभ्या उभ्या झोपणारा. वाचक हसले आणि सव्वाशे वर्षं हसतच राहिले. १९५६ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिगत छापली. पोकरच्या डावात तीन एक्के आणि दोन राजे हातात आले असताना या गृहस्थांना डुलकी लागली आणि डाव हातचा गेला. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं ‘पिकविकियन सिंड्रोम’, आणि दिवसाच्या पेंगेचं खापर फोडलं लठ्ठपणावर आणि रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर.

चूक समजण्यासारखी आहे. डॉक्टरांच्या वेळा दिवसाच्या, आजार रात्रीचा. घोरणं मध्येच थांबतं, जीवघेणी शांतता पसरते, मग एक हिसका आणि पुन्हा आवाज, हे सगळं बायकोला पाठ होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

१९६५ मध्ये फ्रान्सच्या मार्सेयमध्ये आँरी गास्तो आणि त्यांचे सहकारी, आणि जर्मनीच्या फ्रायबुर्गमध्ये युंग आणि कूलो, अशा दोन चमूंनी स्वतंत्रपणे या रुग्णांच्या झोपेची रात्रभर नोंद घेतली. मेंदूच्या लहरींबरोबर श्वासाचीही. तेव्हा दिसलं की श्वास पुन्हा पुन्हा बंद पडतोय आणि प्रत्येक वेळी मेंदू दचकून क्षणभर जागा होतोय. माणूस रात्रभर झोपलेलाच नसतो, मग दिवसा पेंगणार नाही तर काय! १९६९ मध्ये कूलोंनी उपाय छापला: गळ्याला भोक. रात्री उघडायचं, दिवसा बुजवायचं. या ट्रेकिऑस्टॉमीने रुग्ण बरे झाले आणि त्याबरोबर एक गोष्ट पक्की ठरली, की अडथळा घशातच आहे. घशाला वळसा घातला की आजार जातो. पण गळ्यात भोक घेऊन जगायला किती जण राजी होणार?

असाच एक बांधकामावरचा कामगार जून १९८० मध्ये सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्यासमोर होता. गळा कापून घ्यायला तो तयार नव्हता. सलिव्हन टोरांटोत असताना झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वासावर प्रयोग करत. त्यासाठी कुत्र्यांच्या नाकाला मुखवटे बसवावे लागत. तोच मुखवटा माणसाच्या नाकावर ठेवला आणि व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी लावून, म्हणजे ओढण्याऐवजी फुंकायला लावून, हवा आत सोडली तर? दाब वाढवत नेला तसा कोसळणारा घसा आतून फुगून उघडा राहिला आणि तो माणूस रात्रभर झोपला. एप्रिल १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा अहवाल आला. आज ज्याला आपण सीपॅप म्हणतो, ते हेच. सुरुवातीच्या रुग्णांच्या नाकाचा साचा घेऊन मुखवटा बनवत आणि तो दर रात्री सिलिकॉनने चिकटवावा लागे.

सीपॅप चालतं, यात वाद नाही. चालवायला माणूस लागतो, गोम तिथे आहे. नळी, पट्टे, कोरडा पडणारा घसा, गालावरचे वळ, आणि नवरा-बायकोच्या मध्ये एक घुमणारं तिसरं माणूस. अमेरिकेत रात्रीचे चार तास आणि दहापैकी सात रात्री वापर झाला की रुग्ण ‘नियमित’ मानला जातो. सात-आठ तासांच्या झोपेत चार तासांवर समाधान मानावं लागतं, यातच सारं आलं. आमच्या शेजाऱ्यांचं यंत्र पहिल्या पावसाळ्यातच माळ्यावर गेलं. त्यात जून २०२१ मध्ये फिलिप्सने आपली लाखो यंत्रं परत मागवली. आतला फोम झिजून त्याचे कण श्वासावाटे छातीत जाण्याची भीती होती. पर्याय शोधणाऱ्यांना आणखी एक कारण मिळालं.

पेसमेकरच्या घराण्याकडे नेणारा प्रश्न मुळातच वेगळा होता. घसा जागेपणी का कोसळत नाही? १९७८ मध्ये जॉन रेमर्स आणि सहकाऱ्यांनी जीभ पुढे ओढणाऱ्या स्नायूत, जिनिओग्लॉससमध्ये, विजेच्या हालचाली मोजल्या. जागेपणी हा स्नायू अखंड कामावर असतो. झोपेत ढिला पडतो आणि श्वासाच्या ओढीने वाट मिटते. माणूस दचकला की पुन्हा ताठ होतो. मग रात्री फक्त याच एका गड्याला जागं ठेवता आलं तर? जपानमध्ये मिकी आणि सहकाऱ्यांनी आधी कुत्र्यांवर आणि १९८९ मध्ये माणसांवर हनुवटीखाली कातडीवरूनच करंट देऊन पाहिला आणि तो लागू पडला. इतरांना तसं यश हाती लागेना. करंट एक तर पुरायचा नाही, नाही तर झोपलेल्याला उठवायचा.

म्हणून थेट नसेकडे जावं लागलं. इथे पेसमेकरचं घराणं उपयोगी आलं. १९४९ मध्ये मिनीॲपोलिसच्या एका गॅरेजमध्ये सुरू झालेल्या मेडट्रॉनिकला शरीरात बॅटरी ठेवून ठरल्या ठेक्यावर करंट सोडण्याचा दीर्घ अनुभव होता. त्यांची डबी जॉन्स हॉपकिन्सच्या ॲलन श्वार्ट्झ आदींनी आठ जणांच्या शरीरात बसवली. २००१ मध्ये आलेला अहवाल आशा लावणारा होता, पण कुणाची वायर तुटली, कुणाचा सेन्सर रुसला. यंत्र न बिघडता ज्यांना ते वापरत राहता आलं, असे तिघेच. २००७ मध्ये मेडट्रॉनिकच्या या कामातूनच इन्स्पायर ही वेगळी कंपनी निघाली. तिच्या डबीवरचा मोठा अभ्यास जानेवारी २०१४ मध्ये छापून आला: सीपॅप न झेपलेले १२६ रुग्ण, आणि वर्षभरात तासाला अडणाऱ्या श्वासांचा मध्यांक २९.३ वरून ९ वर. काही जणांची डबी मुद्दाम आठवडाभर बंद ठेवली, तर आजार परत आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

मला यातलं शस्त्रक्रियेचं कसब विलक्षण वाटतं. जिभेच्या एकाच नसेत जीभ बाहेर ढकलणारे आणि आत ओढणारे असे दोन्ही धागे असतात. सर्जनने ते वेगळे करून फक्त पहिल्यांभोवती पट्टी बसवायची. चुकला तर यंत्र घसा उघडण्याऐवजी बंद करायला मदत करेल. आणि बसवण्याआधी रुग्णाला औषधाने झोपवून दुर्बिणीतून घसा कसा मिटतो ते पाहतात. टाळूजवळ वाट चहूबाजूंनी, पिशवीचं तोंड आवळावं तशी मिटत असेल, तर जीभ पुढे येऊन फारसं साधत नाही, आणि अशांना सहसा नाही म्हणतात. म्हणून ‘मास्क नको, डबी बसवा’ इतका सोपा हा व्यवहार नाही. श्वासांचा नुसता आकडा खाली आणायचा तर नाकावर टिकलेलं सीपॅप आजही सरस आहे. डबी त्यांच्यासाठी, ज्यांच्या नाकावर ते टिकत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने टिर्झेपटाइड हे वजन उतरवणारं इंजेक्शनही लठ्ठ रुग्णांच्या ॲप्नियासाठी मान्य केलं. त्यामुळे डबीपर्यंत यायची वेळ काही जणांवर येणारही नाही.

दरम्यान बेल्जियमच्या निक्सोआ कंपनीने डबीतून बॅटरीच काढून टाकली. तिच्या ‘जेनिओ’ला ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. यात हनुवटीखाली एक छोटा तुकडा बसवतात, तो दोन्ही बाजूंच्या नसांना चाळवतो, आणि त्याला लागणारी ऊर्जा बाहेरून मिळते. त्यासाठी रोज रात्री हनुवटीखाली एक पट्टी लावायची. म्हणजे झोपण्याआधी काहीतरी चिकटवणं आलंच. सिडनीत ते नाकावर होतं.